थुंकीसाहेब

सुहास मोरबाळेच्या टेबलावरच्या पाटीवर ‘आरोग्य व सुरक्षा अधिकारी’ असं लिहिलेलं होतं. पण गोकुळ शिरगावच्या त्या भैरव प्रिसिजन कारखान्यात चारशे माणसं होती आणि त्यांतल्या एकानंही त्याला त्या नावानं कधी ओळखलं नाही. पाठीमागं सगळे त्याला थुंकीसाहेब म्हणायचे. मालकाची थुंकी तो नोकरीला लागल्या दिवसापासून झेलत होता. मशीन आल्यावर कामगारांचीही झेलायला लागला, एवढाच काय तो फरक.

मशीन जेवणाच्या डब्याएवढं. नाव जनुकदर्शी. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, पिकदाणी. नळीत थुंकायचं, नळी खोबणीत बसवायची, आणि चाळीस मिनिटांनी एक कार्ड बाहेर यायचं, हिरवं नाहीतर लाल. त्यावर नाव, फोटो, सरकारी शिक्का, आणि अपघात झालाच तर उपयोगी पडावा म्हणून तळाशी बारीक अक्षरात रक्तगट.

हा सगळा खटाटोप ज्यासाठी, ती वस्तू मागच्या शेडमध्ये होती. ट्रायक्लोचा हौद. ट्रायक्लोरोएथिलीन असं लांबलचक नाव. तेल-ग्रीस क्षणात सोडवणारं द्रावक. कारखान्यात हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बनायचे आणि मशीनवरून उतरले की तेलानं माखलेले असायचे. हौदात ट्रायक्लो उकळायचं, त्याच्या वाफेत जाळीची टोपली सोडायची, दोन मिनिटांत माल लख्ख. वाफेला गोडसर वास, म्हणून कामगार त्याला गोडं पाणी म्हणायचे. हौदाचं झाकण मोडून दोन वर्षं झाली होती. वाफ ओढून घेणारा पंखा त्याच्याही आधी बंद पडला होता.

ही वाफ श्वासातून आणि कातडीतून आत जाते. यकृत तिचे तुकडे करतं आणि ते तुकडे शरीरातल्याच प्रथिनांना चिकटतात. आता आपल्या पेशींच्या अंगावर बारीक चिमटे असतात, असं समजा. आत काय चाललंय त्याचा नमुना चिमट्यात धरायचा आणि रक्तातल्या पहारेकरी पेशींना दाखवायचा, हे त्यांचं काम. चिमट्याचा घाट आईबापांकडून येतो. बहुतेकांच्या चिमट्यात हा ट्रायक्लो लागलेला नमुना नीट बसत नाही आणि पहारेकरी पुढं निघून जातात. पण काही थोड्या माणसांच्या चिमट्याचा घाटच असा, की तो त्यात गच्च बसतो. मग पहारेकरी आपल्याच कातडीवर आणि यकृतावर तुटून पडतात. लगेच नाही, तीन-चार आठवड्यांनी. आधी ताप, मग अंगभर पुरळ, तोंड सोलून निघतं, कातडी सुटते, कावीळ होते. वेळेत ओळखलं तर माणूस वाचतो.

तुमचा चिमटा कुठल्या घाटाचा, एवढंच जनुकदर्शी सांगायचं. ज्यांनी हे शोधून काढलं त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल, हे कळल्यावर लोक हौद तरी झाकतील. शोध लावणारी माणसं हुशार असतात, पण कारखान्यात नोकरी केलेली नसते.

मशीन आलं त्या दिवशी धाकटे मालक अजिंक्य मगदूम स्वतः शेडमध्ये आले होते. हौदावर बारा वर्षं काढलेला इकबाल मुल्लाणी पुढं होऊन म्हणाला, “साहेब, पाण्यावर धुणारं बंद मशीन मिळतंय की आता. ते नको तर निदान झाकण तरी बसवा.”

“चारशेत वीस-पंचवीस नासके आंबे निघणार,” धाकटे मालक म्हणाले. “नासके काढायचे सोडून टोपली बदला म्हणतोय हा!”

सगळ्यात आधी हसला तो सुहास, आणि सगळ्यात शेवटी थांबलाही तोच. दुसऱ्या दिवशी गेटवर त्यानं फलक लावला, ‘योग्य माणूस, योग्य जागी’. खाली हसरा चेहरा काढलेला.

तेवीस माणसं लाल निघाली. त्यांना हौदापासून दूर ठेवायचं, असं कायदा म्हणत होता. सुहासनं त्यांना कारखान्यापासूनच दूर ठेवलं. कशाला पुढची कटकट? वसाहतीतल्या बाकीच्या कारखान्यांनीही तेच केलं, आणि सगळ्यांची मिळून एक यादी झाली. लाल माणसाला मग कुणी वॉचमन म्हणूनही उभं करीना. लग्नाच्या बायोडाट्यात राशीच्या खाली कार्डाचा रंग यायला लागला. आणि हिरवे? हिरव्यांना वाटायला लागलं, आपल्याला काही होतच नाही. इकबालच्या हातांना भेगा पडल्या होत्या, संध्याकाळी डोकं गरगरायचं, पण सुहासकडं गेलं की तो कार्ड दाखवायचा. “हिरवा आहेस की! मग कशाला रडतोस?”

तर असा हा माणूस. हेल्मेटवर मोठ्या अक्षरात ‘एबी निगेटिव्ह’ रंगवून घेतलेलं. का, तर हा रक्तगट फार थोड्यांचा असतो. रक्तदानाच्या दिवशी छाती काढून सांगायचा, “आपलं रक्त कुणालाही मिळत नसतं.” त्याला सांगण्यासारखं तेवढंच होतं.

*

ऋतुराज त्याचा मेहुणा. बायकोचा, तेजश्रीचा, धाकटा भाऊ. आयटीआय केलेला, हाताला वळण असलेला, शांत मुलगा. एका कारखान्यात अर्ज करायला गेला आणि लाल निघाला. त्यानंतर आठ महिने तो गेटागेटावरून परत येत होता.

एका रविवारी तो बहिणीकडं आला. तेजश्री शाळेत शिकवायची. वह्या तपासत बसली होती.

“दाजी, मला हौदाला हात लावायचाच नाही,” ऋतुराज म्हणाला. “पॅकिंगला घ्या, स्टोअरला घ्या. खोक्याला पट्टी मारायला कार्डाचा रंग कशाला बघायचा?”

“अहो, एवढं साहेब म्हणून मिरवता,” तेजश्री वहीतून मान वर न करता म्हणाली, “माझ्या भावाला एक काम देता येत नाही?”

सुहासला कुणी असं काही मागितलं की फार बरं वाटायचं. आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला आपल्या दारात कुणी आलं की चढतेच. “बघतो,” तो म्हणाला, आणि ‘बघतो’ म्हणताना धाकट्या मालकांसारखी हनुवटी वर केली.

सोमवारी त्यानं यादीत नोंद केली: उमेदवार मावा खाऊन थुंकला असल्याने पहिला नमुना खराब, फेरतपासणी आवश्यक. ऋतुराजनं जन्मात मावा खाल्ला नव्हता. मग सुहासनं केबिनचं दार आतून लावलं, नवी नळी घेतली आणि तीत स्वतः थुंकला. मालकाला न विचारता त्यानं आयुष्यात केलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही चोरून थुंकणं.

कार्ड हिरवं निघालं. सुहासनं रंग बघितला आणि कार्ड मेहुण्याच्या हातात दिलं.

“आक्काला सांगू नकोस. कुणालाच नाही,” तो म्हणाला. “माझी नोकरी जाईल.”

“शब्द दिला, दाजी,” ऋतुराज म्हणाला. या पोराला शब्द म्हणजे काय ते कळत होतं, हीच पुढं अडचण झाली.

दोन महिने तो पॅकिंगला होता. मग जर्मनीची मोठी ऑर्डर आली, हौदाला माणसं कमी पडली, आणि सुपरवायझरनं पॅकिंगमधले हिरवे उचलून हौदावर उभे केले. नियमाप्रमाणेच केलं त्यानं. सुहास शेडमध्ये गेला तेव्हा ऋतुराज इकबालच्या शेजारी उभा राहून वाफेत टोपली सोडत होता.

“दाजी, काय करू?” त्यानं हळूच विचारलं.

एकच वाक्य बोलायचं होतं. हा लाल आहे, याला इथून काढा. पण पुढचा प्रश्न आला असता, मग कार्ड हिरवं कसं? सुहासनं इकडं-तिकडं बघितलं.

“चार दिवसांचा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “तोंडाला रुमाल बांध.”

आरोग्य व सुरक्षा अधिकारी! वाफ रुमालानं अडत नाही, हे इकबालला ठाऊक होतं, शेडमधल्या मांजराला ठाऊक होतं. सुहासलाही होतं. चार दिवसांचे बावीस दिवस झाले.

*

तेविसाव्या दिवशी ऋतुराजला ताप भरला. दोन दिवसांत अंगभर लालभडक पुरळ उठलं. त्याची आई म्हणाली, बाया आल्यात अंगात, म्हणजे गोवर-कांजिण्या. तिनं कडुनिंबाचा पाला अंथरला आणि घरात फोडणी देणं बंद केलं. सुहास बघायला गेला आणि हात जोडून म्हणाला, “व्हय, बायाच दिसतात. देवाचं असतं, दवाखान्यात नेऊ नये.” सासूला बरं वाटलं, शिकलेला जावई आपल्यासारखंच बोलतो म्हणून. तिला काय माहीत, जावयाला देव आठवला तो दवाखान्याच्या भीतीनं!

चौथ्या दिवशी तेजश्री शाळेतून परस्पर माहेरी गेली. भावाचे डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ फुटून काळे पडलेले, पाल्यावर कातडीचे पापुद्रे. तिनं कुणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि त्याला कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणून टाकलं.

डॉक्टर रेवती कणसे तरुण होती, पण तिनं हा आजार आधी दोनदा बघितला होता.

“हौदावर काम करतो का हा? ट्रायक्लोच्या?” तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

“करतो,” तेजश्री म्हणाली.

“मग कार्ड दाखवा.”

निरोप मिळून कारखान्यातून हेल्मेटसकट धावत आलेल्या सुहासनं ऋतुराजचं कार्ड पुढं केलं. हिरवं. डॉक्टरनं फक्त रंग बघितला; आधी एकदा लाल आलं होतं असं तेजश्री म्हणाली, तर तो नमुना खराब होता असं सुहासनं लगेच सांगितलं.

“सगळं ट्रायक्लोचंच दिसतंय,” डॉक्टर म्हणाली. “पण कार्ड म्हणतं, याला ते होणार नाही. मग ही विषाणूची कावीळ असू शकते. माझी पंचाईत समजून घ्या. ट्रायक्लोचा असेल तर पहारेकरी पेशींना झोपवणारं औषध मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. आजच. आणि विषाणू असेल तर त्याच औषधानं तो मोकाट सुटेल. कार्ड लाल असतं तर मी सुई आत्ता भरली असती.”

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिनं. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे. ही थुंकी माझी आहे. सुहासनं तोंड उघडलंही.

“मशीन चुकत नाही, मॅडम,” तो म्हणाला.

आणि त्यानं कार्ड परत खिशात घातलं.

जनुकदर्शी कारखान्यात होतं, दवाखान्यात नव्हतं. दवाखान्यातून रक्त पुण्याला पाठवायचं तर तीन दिवस. डॉक्टर म्हणाली, “तुमच्याकडं मशीन आहे ना? नवा नमुना घ्या आणि तासाभरात मला सांगा.” सुहासला नाही म्हणता येईना. त्यानं खिशातली नळी काढली; खिशात नळी कायमच असायची. ती ऋतुराजच्या ओठाला लावली.

ऋतुराजनं प्रयत्न केला. तोंडाच्या आतलं सगळं सोलून निघालं होतं, जीभ वाळलेल्या कातड्यासारखी. थुंकी येईना. पुन्हा प्रयत्न केला आणि नळीच्या काठावर रक्ताचा एक ठिपका उमटला, बस्स.

“थुंकी येत नाही, दाजी,” तो कसाबसा म्हणाला.

आणि सुहासला हायसं वाटलं. समोर बायकोचा भाऊ कातडी टाकत पडलाय, आणि या माणसाला हायसं वाटलं!

तेजश्री भावाजवळ वाकली. “ऋतू, मशीन खरंच चुकलं असेल का रे? तूच थुंकला होतास ना?”

ऋतुराजनं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या खांद्यावरून दाजींकडं बघितलं.  मग डोळे मिटून घेतले. बहिणीचा संसार राहावा म्हणून तो पोरगा मरायला तयार होता. आणि ज्याच्यासाठी मरायचं तो भिंतीवरचं ‘शांतता राखा’ वाचत उभा होता.

संध्याकाळी ऋतुराजच्या हिरड्यांतून रक्त थांबेना. यकृतानं काम सोडलं की रक्त गोठत नाही. रक्तद्रव चढवायचं ठरलं. रक्तगट काय, म्हणून डॉक्टरनं कार्ड पुन्हा मागवलं आणि या वेळी रंगाच्या खालची ओळ वाचली.

“अरे बापरे, एबी निगेटिव्ह,” ती म्हणाली. “हा गट मिळणं अवघड.”

तेवढ्यात रक्तपेढीचा माणूस कागद घेऊन आला. “मॅडम, बेड नंबर सात, ऋतुराज, बी पॉझिटिव्ह. दोनदा तपासलाय.”

डॉक्टरनं कागद बघितला, कार्ड बघितलं, आणि सुहासकडं वळली. “मशीन चुकत नाही म्हणालात ना तुम्ही?”

सुहासचा पाय बाकाखाली गेला, काहीतरी आत सारायला. पण तेजश्रीची नजर खाली गेली. बाकाखाली नवऱ्याचं हेल्मेट होतं, आणि त्यावर कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात ते लिहिलेलं होतं. तीन रुपयांचं बिस्कीट घेतलं तरी दुकानदाराला जो रक्तगट हा माणूस सांगायचा, तोच.

तिनं ते हेल्मेट उचललं आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं.

“डॉक्टर, हे कार्ड माझ्या भावाचं नाही,” ती म्हणाली. “थुंकी माझ्या नवऱ्याची आहे. माझा भाऊ लाल आहे. तुम्ही सुई भरा.”

डॉक्टर धावली. तेजश्री नवऱ्याकडं वळली.

“दुपारपासून,” ती म्हणाली. “दुपारपासून तुम्ही इथं उभे होता.”

“अगं, नोकरी—”

“माझ्याशी बोलू नका. शी!”

*

ऋतुराज वाचला. सव्वादोन महिने लागले. सापानं टाकावी तशी त्यानं कातडी टाकली आणि खालून कोवळी, डागाळलेली नवी आली. यकृत अर्ध्यावर आलं. पुन्हा जड काम करायचं नाही, असं डॉक्टरनं लिहून दिलं. तेजश्री त्याला घेऊन आईकडं राहायला गेली, ती परत आलीच नाही.

सुहासला वाटलं होतं, आता धाकटे मालक लाथ घालून हाकलणार. तो केबिनमध्ये गेला तो रडायच्या तयारीनंच. पण मालकांनी खुर्ची दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

“मोरबाळे, म्हणजे कार्ड खोटं होतं?” ते म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “म्हणजे मशीनची चूक नाही, हौदाची नाही, आपली तर नाहीच. कामगारानं फसवणूक केली, एवढंच.”

“हो साहेब,” सुहास म्हणाला. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

“नळी त्यानं बदलली. तुमच्या नकळत. बरोबर ना?”

“बरोबर, साहेब.”

“मग त्याचा आमच्यावर काही हक्क उरत नाही. तसं लिहून सही करा.”

त्यानं लिहिलं आणि सही केली. खाली शिक्काही मारला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बाहेर येताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं; मालक किती मोठ्या मनाचे, असं त्याला खरोखर वाटत होतं. किळस यावी असा माणूस. पण रडत होता ते खरं.

यापुढं अशी फसवणूक होऊ नये म्हणून सूचना काढायचं कामही त्यालाच मिळालं. त्यानं ती झोकात लिहिली आणि फलकावर लावली:

‘यापुढे प्रत्येक कामगाराने नमुना देताना सुरक्षा अधिकाऱ्यासमोर उभे राहून, त्यांना स्पष्ट दिसेल अशा प्रकारे थुंकावे. — हुकमावरून.’

इकबालनं ती दोनदा वाचली. “यात नळीचं नाव नाही,” तो शेजारच्याला म्हणाला. 

*

ऋतुराजनं भरपाईसाठी अर्ज केला. अर्ज त्याच्या नावानं, अक्षर तेजश्रीचं. कारखान्यानं उलट कळवलं, की अर्जदारानं आमच्या मशीनवर, नव्या सूचनेप्रमाणे, सर्वांसमक्ष नमुना द्यावा. धाकट्या मालकांना खात्री होती, की तो येणार नाही.

तो आला. दुपारच्या सुट्टीत, बहिणीबरोबर. चेहऱ्यावर पांढरे-गुलाबी डाग, भुवया गेलेल्या, हात कोवळ्या कातडीनं चमकणारे. ओळखीची माणसंही आधी ओळखेनात. इकबालनं त्याला बसायला स्टूल दिलं. हळूहळू सगळं शेड तिथं जमा झालं. धाकटे मालक वरच्या गॅलरीत येऊन उभे राहिले.

सुहास टेबलामागून बाहेर आला. हातात नळी, छातीवर बिल्ला. बायकोकडं त्यानं बघायचं टाळलं.

“ऋतुराज,” तो वर मालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “आधी मान्य कर. नळी तू बदललीस. मग नमुना घेऊ.”

“मी शब्द दिला होता दाजी, तुमचं नाव घेणार नाही म्हणून,” ऋतुराज म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगरा होता. “मी अजून घेतलेलं नाही. कागदावर माझं नाव कुणी घातलं?”

सगळ्या माना सुहासकडं वळल्या.

“ते... ते सगळं नंतर,” सुहास म्हणाला. “सूचनेप्रमाणे थुंक.”

“सूचनेप्रमाणे?”

“हो. फलकावर आहे ती. मीच लिहिली आहे.”

ऋतुराजनं फलकाकडं बघितलं. ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. मग स्टुलावरून उठला आणि दाजींच्या समोर, त्यांना स्पष्ट दिसेल असा, उभा राहिला.

“दवाखान्यात थुंकी येत नव्हती, दाजी,” तो म्हणाला. “आता येतीय.”

आणि थुंकला.

तेजश्री हसली नाही, इकबालही हसला नाही. वर धाकटे मालक रुमाल काढून उगीच नाक पुसायला लागले. सुहास तिथंच उभा होता. त्याला हलता आलं असतं, बाजूला होता आलं असतं, दोन पावलं तर होती. पण चौदा वर्षांची सवय. थुंकी येताना दिसली आणि हात आपोआप पुढं झाले. नळी निसटून फरशीवर फुटली, आणि त्यानं थुंकी ओंजळीतच झेलली.

ओंजळ तशीच धरून त्यानं वर मालकांकडं बघितलं, आता काय करू, असं.